रुग्णापर्यंत न पोचणारा गॅस

पहाटे मॅनिफोल्ड रूममध्ये, म्हणजे सिलिंडरांतला गॅस जिथून पाइपांनी ऑपरेशन थिएटरांपर्यंत जातो त्या खोलीत, इंजिनिअर आणि मी गेजसमोर उभे होतो. आदल्या संध्याकाळी शेवटची केस संपल्यावर आम्ही नायट्रस ऑक्साइड या भुलीच्या गॅसचा मुख्य व्हॉल्व्ह बंद केला, तेव्हा लाइनमध्ये ४ बार दाब होता. रात्रभर एकाही थिएटरमध्ये नायट्रस उघडला नव्हता, तरी काटा पार खाली आला होता. छतावरून, भिंतींतून जाणाऱ्या जुन्या पाइपांच्या सांध्यांतून गॅस सरळ हवेत जात होता.

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका सरकारी रुग्णालयात भूलतज्ज्ञ आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये एनएचएसने, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने, २०४० पर्यंत स्वतःचं थेट कार्बन उत्सर्जन नेट झिरोवर (निव्वळ शून्यावर) आणायचं जाहीर केलं. राष्ट्रीय आरोग्यसेवेने असा शब्द देण्याची जगातली ही पहिलीच वेळ. आमच्या विभागातून आधी डेसफ्लुरेन हे श्वासातून देण्याचं भुलीचं औषध गेलं. ते कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २५०० पट उष्णता धरून ठेवतं. त्याच्या जागी वापरता येणारं सेवोफ्लुरेन हाताशी होतंच, त्यामुळे कुणी फारशी खळखळ केली नाही.

नायट्रसकडे मात्र कुणाचं लक्ष नव्हतं. ‘आपण तो वापरतोच कुठे?’ असं सगळे म्हणत, आणि ते खरंच होतं. मग एडिनबर्गहून तिथल्या एनएचएस लोथियन या आरोग्यमंडळाच्या कामाची माहिती आली. तिथल्या फार्मासिस्ट अलिफिया चाकेरा यांनी सिलिंडरची खरेदी आणि थिएटरमधला वापर ताडून पाहिला, तर बहुतेक गॅस रुग्णापर्यंत पोचतच नव्हता. मी आमच्या स्टोअरच्या नोंदी मागवल्या. वापर किरकोळ, खरेदी भरमसाट.

एवढी गळती वर्षानुवर्षं लपते कशी? सिलिंडरमध्ये नायट्रस द्रवरूप असतो. द्रव संपेपर्यंत दाब जवळपास हलत नाही, म्हणजे किती उरला ते गेजवर कळत नाही. एक रांग रिकामी झाली की यंत्रणा आपोआप दुसरीवर जाते, पोर्टर येऊन सिलिंडर बदलतो. कुणाचंच काम अडत नाही. पण एका मोठ्या सिलिंडरमध्ये ९००० लिटर, म्हणजे साधारण १७ किलो गॅस असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७० पट उष्णता धरून ठेवणारा आणि हवेत शंभरावर वर्षं टिकणारा. एक सिलिंडर हवेत गेला की साडेचार टन कार्बन डायऑक्साइडइतका भार.

मॅनिफोल्ड बंद करायचं म्हटल्यावर एका ज्येष्ठ सहकारी डॉक्टरांनी विचारलं, “लहान मुलांना मास्कने भूल देताना मला तो लागतो. मग?” प्रश्न रास्त होता. उत्तर त्यांच्या मशीनच्या मागेच होतं: छोटा सिलिंडर. लागेल तेव्हा उघडायचा, केस संपली की बंद. प्रसूती विभागातल्या सुइणीही धास्तावून आल्या. त्यांचा एन्टोनॉक्स (प्रसूतिवेदना कमी करायला दिलं जाणारं नायट्रस आणि ऑक्सिजनचं मिश्रण) वेगळ्या मॅनिफोल्डवरून येतो, त्याला हात लावणार नाही, असं सांगितल्यावर त्या निश्चिंत झाल्या. मला याचंच मोल वाटतं. कार्बन कमी करायचा म्हणजे उपचारात काटकसर होणार, ही भीती खोलवर आहे. इथे एकाही रुग्णाच्या वाट्याचं काही कमी झालं नाही.

हे सगळं मी मराठवाड्यातल्या सरकारी मेडिकल कॉलेजात असलेल्या माझ्या वर्गमैत्रिणीला फोनवर सांगितलं. तिच्याकडेही निळ्या सिलिंडरांच्या रांगा आणि जुनी पाइपलाइन आहे. “सुरुवात कुठून करू?” तिने विचारलं.

“आधी स्टोअरचं रजिस्टर मागव,” मी म्हटलं, “आणि थिएटरं रिकामी असतील त्या रात्री इंजिनिअरला सोबत घेऊन नायट्रसचा व्हॉल्व्ह बंद करून बघ. ऑक्सिजनच्या लाइनला मात्र हात लावू नकोस.”