निकेलच्या एका संकुलाची स्फटिक-रचना काढताना

सॅलिसिलाल्डिहाइड आणि आयसोप्रोपिल अमाइन यांच्यापासून केलेल्या शिफ बेसचे (अल्डिहाइड आणि अमाइन जुळून होणाऱ्या संयुगाचे) निकेलबरोबरचे संकुल, म्हणजे मधल्या धातूला इतर रेणू बांधलेले संयुग, तयार केले, तेव्हा हाती हिरवी पूड आली. रंगावरून आकार ठरवण्याची सोय नव्हतीच, कारण निकेल सल्फेटचे सजल स्फटिकही हिरवे असतात आणि त्यांत निकेलभोवती पाण्याचे सहा रेणू अष्टफलकात बसलेले असतात. माझ्या संकुलात दोन लिगँडांचे (धातूला बांधलेल्या शिफ बेस रेणूंचे) मिळून दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजन निकेलला बांधलेले होते. रेणू सुटा, म्हणजे शेजारच्या रेणूंना न बांधलेला असेल, तर रचना चौरस प्रतलीय (चारही अणू निकेलभोवती एका सपाट चौकोनात) आहे की चतुष्फलकीय (चारही अणू चार कोपऱ्यांच्या त्रिमितीय आकारात), एवढेच पाहायचे होते.

पहिला कौल चुंबकीय मापनाने दिला. द्विसंयुजी निकेलचे आठ डी-इलेक्ट्रॉन चौरस प्रतलीय रचनेत चार कक्षकांत (इलेक्ट्रॉनांच्या ठरलेल्या जागांत) जोडीजोडीने बसतात आणि चुंबकीय आघूर्ण, म्हणजे चुंबकत्वाचे माप, उरत नाही. चतुष्फलकात मात्र दोन इलेक्ट्रॉन एकटे राहतात, ज्यांचे केवळ स्पिनमुळे येणारे आघूर्ण 2.83 बोर मॅग्नेटॉन (या मापाचे एकक) असते आणि प्रत्यक्षात ते बहुधा याहून जास्त भरते. माझ्या नमुन्याचे मूल्य तीनच्या वर गेले. चौरस प्रतल बाद झाले, पण चतुष्फलक किती वाकडा आहे हे चुंबक सांगत नाही.

ते पाहायला क्ष-किरणांनी अणूंच्या जागा शोधाव्या लागतात आणि त्यासाठी एकसंध स्फटिक हवा. खरी कसोटी स्फटिक वाढवण्यात लागते, आणि माझ्या मते या कामातला हाच भाग सर्वांत कमी शिकवला जातो. डायक्लोरोमेथेनमधील द्रावणाची उघडी छोटी बाटली हेक्सेन घातलेल्या मोठ्या बाटलीत ठेवून बाहेरचे झाकण घट्ट लावले. हेक्सेनची वाफ आत शिरत गेली, विद्राव्यता हळूहळू घटली आणि काचेच्या कडेला स्फटिक धरू लागले. ध्रुवक सूक्ष्मदर्शकाखाली फिरवताना जो स्फटिक दर 90 अंशांनी एकाच वेळी सगळा काळा पडत होता तो निवडला. ज्यांचा अर्धाच भाग विझत होता ते जुळे (वेगवेगळ्या दिशांनी एकत्र वाढलेले) स्फटिक असल्याच्या शंकेने बाजूला ठेवले.

निवडलेला स्फटिक तेलाच्या थेंबात धरून 100 केल्व्हिनच्या नायट्रोजन झोतात बसवला, म्हणजे अणूंची थरथर कमी होते. मॉलिब्डेनमचे 0.71073 अँगस्ट्रॉम तरंगलांबीचे क्ष-किरण वापरले. तांब्याचे किरणही चालले असते: निकेलची शोषण-कडा (जिच्याहून थोड्या आखूड तरंगलांबीचे किरण निकेल जोरात शोषतो) 1.488 अँगस्ट्रॉमला आहे आणि तांब्याची के-अल्फा ही मुख्य क्ष-किरण रेषा 1.5418 ला, म्हणजे कडेच्या पलीकडे, त्यामुळे निकेल ती फारशी शोषत नाही. तांब्याची के-बीटा रेषा गाळायला निकेलचाच पत्रा वापरतात तो याच कारणाने.

रचना सोडवताना 28 इलेक्ट्रॉनांचा निकेल इलेक्ट्रॉन-घनतेच्या नकाशात सर्वांत उंच शिखर म्हणून लगेच दिसला आणि त्याच्याभोवती बाकीचा सांगाडा उभा राहिला. हायड्रोजन गणिताने येणाऱ्या जागी बसवले; एकच इलेक्ट्रॉन असलेला अणू निकेलशेजारी क्ष-किरणांना धड दिसत नाही.

मग आकडे वाचले. निकेल-ऑक्सिजन बंध सुमारे 1.90 आणि निकेल-नायट्रोजन सुमारे 1.97 अँगस्ट्रॉम, म्हणजे अशाच चौरस प्रतलीय संकुलांपेक्षा लांब, कारण तिथे बंधविरोधी (बंध सैल करणारा) कक्षक रिकामा असतो आणि इथे त्यात इलेक्ट्रॉन असतो. आकार मोजायला 2007 मध्ये सुचवलेला टाऊ-चार निर्देशांक घेतला: 360 मधून निकेलपाशी होणारे दोन सर्वांत मोठे कोन वजा करून 141 ने भागायचे, शून्य म्हणजे चौरस, एक म्हणजे आदर्श चतुष्फलक. माझे उत्तर एकच्या जवळ आले, पण एकापर्यंत पोहोचले नाही. लिगँड दोन टोकांनी निकेलला धरून जे वलय करतो त्यातला कोन नव्वदीतच अडकतो, तो 109.5 अंशांपर्यंत उघडू शकत नाही. आयसोप्रोपिल गटांना एकाच प्रतलात जागा पुरत नाही, म्हणून लिगँडांची दोन्ही प्रतले एकमेकांना जवळजवळ काटकोनात वळतात.

तरीही दोन्ही आकारांतील ऊर्जेचा फरक थोडाच असतो. बेंझिलडायफेनिलफॉस्फिनच्या निकेल ब्रोमाइड संकुलाच्या हिरव्या स्फटिकात तर चौरस आणि चतुष्फलकीय असे दोन्ही रेणू शेजारी आढळले आहेत. माझ्या संकुलासारखी सॅलिसिलाल्डिमाइन (सॅलिसिलाल्डिहाइडच्या शिफ बेसची) संकुलेही द्रावणात या दोन आकारांच्या समतोलात राहतात, म्हणून अहवालात भूमितीच्या प्रत्येक विधानापुढे ‘घन अवस्थेत’ हे शब्द घातले आणि द्रावणाचे एनएमआर (केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन) वर्णपट वेगळे नोंदवायला घेतले.