काळी वायर

जुन्या बुलेटच्या इंजिनाबद्दल कोणालाही विचारा, सल्ला तयार असतो. टॅपेट वाजतंय, रिंगा गेल्यात, कार्ब्युरेटर साफ करून घ्या. ज्याच्या घरी सायकलसुद्धा नाही तोही खाली वाकून इंजिनाला कान लावतो. वायरिंगचा विषय निघाला की मात्र भलेभले मेकॅनिक पाना खाली ठेवतात. ‘ते इलेक्ट्रिकवाल्याला दाखवा.’ त्यांचंही चूक नाही. इंजिन बिघडलं तर धूर सोडतं, तेल गाळतं, खडखडतं. निदान कुरकुर तरी करतं. करंट गेला की नुसता गेलेला असतो.

माझ्याकडची बुलेट मद्रासच्या एन्फिल्ड इंडियाची, साडेतीनशेची, ६ व्होल्टच्या जमान्यातली. १९५५ साली मद्रासला ही कंपनी उभी राहिली तेव्हा इंग्लंडातल्या रेडिचहून येणारे भाग जोडून गाडी तयार व्हायची. पुढे सगळंच इथे बनायला लागलं, पण हेडलाइटच्या डूमचं रूप तेच राहिलं: दोन बाजूंना दोन इवलेसे पायलट दिवे, वर स्पीडोमीटर आणि त्याच्या जवळ ॲमीटरचं, म्हणजे करंट किती आणि कुठल्या दिशेनं वाहतोय ते दाखवणारं, छोटं घड्याळ.

त्या घड्याळावर माझा फार जीव आहे. चावी फिरवली की काटा किंचित डावीकडे कलतो. म्हणजे पॉइंट (ठिणगीसाठी करंट जोडणारे-तोडणारे संपर्क) मिटलेले आहेत, ठिणगी देणाऱ्या कॉइलमधून करंट वाहतोय. मग किक हळूहळू दाबत जायची. किक जड झाली आणि काटा मध्यावर आला, की पॉइंट उघडलेत आणि पिस्टन वर पोचलाय. डीकॉम्प (सिलिंडरातला दाब सोडणारी कळ) ओढून किक आणखी जराशी सरकवायची, डीकॉम्प सोडायचा, किक वर येऊ द्यायची आणि मग एकच दणका. ज्यांना हे जमतं ते किक मारताना घामाघूम होत नाहीत. नवशिके मात्र नुसता जोर लावतात आणि किक उलटी बसली की पोटरी चोळत बसतात. बॅटरीतून निघालेला जवळजवळ सगळा करंट ह्या घड्याळातून जात असल्यामुळे त्याच्या पाठीमागचा एक नट ढिला झाला तर अख्खी गाडी ठप्प. आणि तोच नट डूमच्या पत्र्याला टेकला, तर विचारायलाच नको.

वायरिंग उघडायचं निमित्त पासिंगचं. गाडीला पंधरा वर्षं झाली की पुढे दर पाच वर्षांनी नोंदणी नव्यानं करून घ्यावी लागते, आणि तिथे हेडलाइट, ब्रेक लाइट, हॉर्न हे सगळं चालू दाखवावं लागतं. टाकी उतरवली, सीट काढली आणि आधीच्या मालकांची हौस उघड्यावर आली. संगीत वाजवणाऱ्या कुठल्याशा हॉर्नची वायर, जिचा हॉर्न केव्हाच गायब झालेला. मोबाइल चार्जरची एक. टेललाइटला तर चक्क घरातल्या वायरिंगची जाड, एकाच तारेची वायर! भिंतीत ती जन्मभर टिकेल, कारण भिंत थरथरत नाही. बुलेटवर मात्र वाकून वाकून एके दिवशी आतल्या आत तुटते. गाडीला अनेक बारीक तारांची वायर लागते. दुकानात ती १४/०.३० म्हणून मागायची, म्हणजे ०.३० मिलिमीटर जाडीच्या १४ तारा. फ्यूजच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळलेली होती. ती असायचीच. जुनी गाडी घ्यावी आणि चांदी निघू नये असं सहसा होत नाही.

वरून वायरी शाबूत दिसत होत्या. पण हँडल जिथे वळतं त्या मानेपाशी वायरिंगचा जुडगा चिमटीत धरून वाकवला की आतला पोकळपणा हाताला कळतो. वर्षानुवर्षं डावी-उजवी वळणं घेऊन एकेक तार तुटलेली असते आणि वरचं प्लास्टिक मात्र साळसूद. एका वायरीची साल काढली तर तांबं काळंठिक्कर. अजून बोटभर सोललं, तरी काळंच. अशा तांब्याला सोल्डर धरत नाही.

आमच्या भागात एक म्हातारे ऑटो इलेक्ट्रिशियन आहेत, सगळे त्यांना अण्णा म्हणतात. मी मल्टीमीटर घेऊन गेलो होतो. तो बघून ते हसले. ‘हा मीटर एका तारेवरसुद्धा पूर्ण व्होल्टेज दाखवतो. काम सांगून बघ त्या वायरला.’ त्यांच्याकडे एक बल्ब आणि दोन वायरी, एवढंच. बल्ब लावला की वायरवर खरोखर भार पडतो आणि जिची एकच तार शिल्लक आहे ती लगेच मान टाकते. मीटर स्वतः नावापुरताच करंट घेतो, म्हणून त्याला सगळं आलबेल दिसतं.

६ व्होल्टच्या गाडीत हे फार भोवतं. ३५ वॅटचा दिवा ६ व्होल्टवर जवळजवळ ६ अँपिअर ओढतो, १२ व्होल्टवर तोच साधारण ३. गंजलेल्या एखाद्या जोडावर ६ अँपिअरमागे एक व्होल्ट खर्च झाला तर दिव्याला उरतात ५, आणि तेवढ्यानं उजेड जवळजवळ निम्म्यावर येतो. १२ व्होल्टच्या गाडीत त्याच जोडावर जेमतेम अर्धा व्होल्ट जातो, कळतसुद्धा नाही. लोक म्हणतात ६ व्होल्टचा दिवा म्हणजे मिणमिणती पणती. मी म्हणतो, जोड साफ करा आणि मग बोला.

आणि जोड म्हणजे काही फक्त लाल वायरीचे नव्हेत. दिव्यापर्यंत करंट पोचवायला आपण स्विच, फ्यूज, रंगीत वायरी सगळा लवाजमा करतो. तो बॅटरीत परत कसा येतो याची विचारपूस कोणी करत नाही. जाणाऱ्याला निरोप द्यायला सगळा गाव आणि परतणाऱ्याला आणायला एसटी स्टँडवर कोणी नाही, अशातली गत. परतीला वायर नसते, गाडीची फ्रेमच ते काम करते. काळी वायर बोल्टखाली दाबली की झालं अर्थिंग. (बऱ्याच जुन्या इंग्लिश गाड्यांत हे उलटं असे: बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक फ्रेमला, आणि अर्थिंगची वायर लाल. तिथे सवयीनं हात घालणाऱ्याचं काय होत असेल ते होवो.)

हल्ली जुन्या गाड्या रिस्टोअर करायची टूम आहे. फ्रेमला पावडर कोटिंग करतात, आरशासारखी चमकते. पण पावडर कोटिंग म्हणजे प्लास्टिकचा थर, त्यातून करंट जात नाही. मग दिवे लावले की इंडिकेटर मंद होतात, हॉर्न दाबला की दिवे मरतात आणि नवी बॅटरी, नवी कॉइल, नवा स्विच असा खर्च सुरू होतो. अण्णांकडे अशी एक गाडी आली होती. त्यांनी काहीही न बोलता पॉलिश पेपर घेतला आणि बोल्टखालचा रुपयाएवढा रंग घासून टाकला. मालकाचा चेहरा बघवत नव्हता. दिवे मात्र लागले.

मी गाडी १२ व्होल्टची करून घेतली नाही. वायरिंग सगळं नवं केलं. वायरींच्या टोकांना थिंबल (धातूची टोपणं) दाबून बसवले, सोल्डर टाळलं. सोल्डर मारलेली वायर कडक होते आणि थरथरून नेमकी त्याच्या कडेला तुटते. वरून बिनचिकट टेप गुंडाळली, कारण चिकटपट्टी उन्हानं पाघळते आणि पुढच्या माणसाच्या हाताला फासते. आणि प्रत्येक दिव्यापासून एक काळी वायर थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत आणली. ह्यावर बुलेटवाल्या मित्रांनी तोंडं वाकडी केली. कंपनीच्या डायग्राममध्ये ही वायर नाही म्हणे. नसेल. डायग्राम काढणाऱ्यापुढे कोरी फ्रेम होती.

ब्रेक लाइटचा स्विच तेवढा राहिलाय. नाना पेठेत मिळतो तो पेडलला लागत नाही, आणि जुना उघडावा तर त्याची स्प्रिंग उडून नक्की मोरीत जाणार.