रिपोर्टातली शेवटची ओळ

आम्हा पॅथॉलॉजिस्ट लोकांच्या रिपोर्टात शेवटी एक ओळ हटकून असते : ‘निदान पक्के करण्यासाठी पुढील तपासण्या कराव्यात.’ परळला शिकत होते तेव्हा किती वेळा लिहिली, गणती नाही. त्यात चूक काहीच नव्हती. तपासण्या त्याच इमारतीत व्हायच्या, आठवडाभरात उत्तर यायचं.

सध्या मी उत्तर युगांडातल्या एका मिशनच्या रुग्णालयात काम करते. त्या शुक्रवारी दुपारी दोनच्या सुमारास सहा वर्षांचा एक मुलगा आईच्या पाठीवरून आला. उजवा जबडा इतका सुजलेला की डोळा वर ढकलला गेला होता. तीन आठवड्यांपूर्वी दाढा हलायला लागल्या, म्हणून कुणीतरी दोन दाढा उपटून दिल्या आणि अँटिबायोटिक लिहून दिलं. सूज वाढतच गेली. मग आईने पेरणीसाठी ठेवलेले तीळ विकले, त्या पैशांत आधी बोडा-बोडावरून, म्हणजे भाड्याच्या मोटरसायकलवरून, आणि पुढे गाडीने इथवर आली. इथल्या अचोली जमातीत बायकांना मुलाच्या नावानेच हाक मारतात, ‘मिन अमका’, अमक्याची आई. आपल्याकडच्यासारखंच. मीही तिला तशीच हाक मारली आणि मुलाचं डोकं घट्ट धरायला सांगितलं.

पेशी काढायला तेवीस नंबरची सुई गाठीत गेली. पोरगं रडलंसुद्धा नाही, त्याचीच मला धास्ती वाटली. चार स्लाइड केल्या, वाळवल्या, लीशमन नावाच्या रंगाने रंगवल्या.

लेन्सखाली पेशींची नुसती गर्दी होती. सगळ्या एकाच आकाराच्या, गोल. केंद्राभोवती गडद निळी कड आणि त्या कडेत सुईने टोचल्यासारखी बारीक रिकामी भोकं. ती चरबीची भोकं पाहिली आणि पोटात गोळा आला. बर्किट लिम्फोमा, लहान मुलांना होणारा, झपाट्याने वाढणारा कर्करोग. या गाठीतल्या पेशी एक-दोन दिवसांत दुप्पट होतात.

क्लिनिकल ऑफिसर दारातच उभे होते. इथे हे लोक एमबीबीएस नसतात, पण अर्धा देश त्यांच्याच हातून बरा होतो. त्यांनी विचारलं, “डॉक्टर, आज औषध सुरू करू की सोमवारपर्यंत थांबू?”

माझा हात सवयीने त्या ओळीकडे गेला होता. लहान मुलांच्या आणखीही काही गाठी अशाच निळ्या, गोल पेशींच्या दिसतात. परळला असते तर विशेष रंगतपासण्यांचा अख्खा संच मागवल्याशिवाय सही केली नसती. इथे त्यासाठी तुकडा बसने कंपालाला जातो, आणि उत्तर यायला आठवडे लागतात. तोवर कुणासाठी थांबायचं? मी चारही स्लाइड पुन्हा पाहिल्या, कोपरा न् कोपरा. मग लिहिलं : बर्किट लिम्फोमा. खाली सही केली. ती ओळ लिहिली नाही.

हा आजार जगाला नीट कळला तो याच देशात. 1957 मध्ये कंपालाच्या मुलागो रुग्णालयात डेनिस बर्किट या सर्जनने जबडे सुजलेली अशी मुलं पाहिली, आणि 1961 मध्ये हा आजार कुठे कुठे आढळतो ते शोधत ते जुन्या मोटारीतून आफ्रिकेत दहा हजार मैल फिरले. रेडिओथेरपीची सोय नव्हती म्हणून त्यांनी औषधं देऊन पाहिली आणि गाठी विरघळल्या. 1963 च्या डिसेंबरात इथून लंडनला निघालेला एका मुलीच्या गाठीचा तुकडा धुक्यामुळे मँचेस्टरला उतरला. हाती पडला तेव्हा बाटलीतलं पाणी गढूळ झालेलं. खराब झालं म्हणून फेकून न देता लंडनचे संशोधक अँथनी एपस्टाइन यांनी त्यातला थेंब तपासला, तर त्यात जिवंत पेशी तरंगत होत्या. त्या पेशी वाढवल्या आणि पुढच्याच वर्षी त्यांत विषाणू सापडला. माणसाच्या कर्करोगाशी संबंध जुळलेला तो पहिला विषाणू. युगांडातल्या मुलांच्या गाठींनी जगाला एवढं दिलं, आणि युगांडातलंच पोर तीन आठवडे दाढा उपटून घेत फिरतं. श्रीमंत देशांत या आजाराची दहातली नऊ मुलं वाचतात, इथे जेमतेम निम्मी. औषध तेच आहे, आणि महागही नाही. याचा मला संताप येतो.

मुलाचं वजन पंधरा किलो भरलं. सायक्लोफॉस्फामाइड, म्हणजे गाठ विरघळवणारं औषध, किलोमागे 40 मिलिग्रॅम, म्हणजे 600. त्याआधी सलाइन आणि अॅलोप्युरिनॉल, कारण गाठ झपाट्याने विरघळते आणि मेलेल्या पेशींच्या कचऱ्याने मूत्रपिंडं बंद पडू शकतात. सिस्टरने पाण्याच्या रिकाम्या बाटलीवर मार्करने रेघा मारल्या, लघवी मोजायला. पॅथॉलॉजिस्टला वॉर्डात काही काम नसतं, पण त्या रात्री मी तीनदा गेले. आई चटईवर बसून होती, बाटली दोन्ही हातांत धरून. तिसऱ्या वेळी तिने ती उचलून मला दाखवली. दुसरी रेघ ओलांडली होती.

मंगळवारी मुलाचा डोळा जागेवर आला होता. मऊ पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची उकड, कालवून खात होता. आईने सिस्टरकरवी विचारलं, “आता घरी नेऊ का? पाऊस सुरू झालाय, शेत पडून आहे.” गाल बसला म्हणजे आजार गेला, असंच कुणालाही वाटेल, मलाही वाटलं असतं. आम्ही दोघींनी मिळून बराच वेळ समजावलं : अजून पाच डोस, दर पंधरा दिवसांनी, गाल कितीही बरा दिसला तरी. ती ऐकत होती. मग म्हणाली, तारखा लिहून द्या.

माझ्या रिपोर्टाच्या प्रतीवर सहीखाली जागा मोकळी होती. सिस्टरने तिथे सहा तारखा लिहिल्या आणि पहिलीपुढे खूण केली.

दुसरी झाली. तिसरी येत्या शुक्रवारी आहे. येण्याचं गाडीभाडं मागच्या खेपेलाच तिच्या हातात दिलंय.