तुम्ही विचारलंत म्हणून : ‘नुसतं पाहून सांगा ना!’

‘ताई, तुमचं तर कामच आहे. नुसतं पाहून सांगा ना, खरं आहे काय?’

हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत विचारलाय, बँकेच्या रांगेत विचारलाय, आणि एकदा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा असताना विचारलाय. मोबाइल पुढे येतो. आजीची नथ, आजोबांनी आणलेलं चित्र, कुठल्याशा मालगुजाराच्या वाड्यातली फुलदाणी. मी म्हणते, मी सांगत नाही. की लगेच दुसरा प्रश्न : ‘काहून?’

या ‘काहून’वर मी आजवर हसून वेळ मारून नेली. नागपूरच्या धरमपेठेत गॅलरी चालवायला लागून बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात मी शिष्ट आहे, मला त्यातलं काही कळत नाही, आणि बाई मुद्दाम गप्प राहून माल स्वस्तात लाटते, अशी तिन्ही मतं फिरून माझ्यापर्यंत आली आहेत. तिसऱ्या मताचा राग आला. दुसऱ्याचा आला नाही, त्याचं कारण पुढे येईल.

आधी सोपं उत्तर देते. इतवारीतल्या सराफाचं बरं असतं. तो तुमची ठुशी कसोटीवर घासतो किंवा मशीनमध्ये ठेवतो, आतली लाख वजा करतो, घट धरतो आणि आकडा सांगतो. तुम्ही चिडता, पण आकडा मिळतो. त्या ठुशीवर कुणी महिनाभर डोळे फोडले असतील, तर त्याचे पैसे त्या आकड्यात नसतात. ते मी देते, आणि गिऱ्हाईकाकडून घेतेही. पण कारागिरीला कसोटी नाही. चित्राला तर नाहीच. सोनं बावीस कॅरेटचं नसलं तर अठराचं असतं, काही तरी असतंच. चित्र एक तर त्या माणसाचं असतं, नाही तर नुसता रंगवलेला कागद असतो.

नथीतले मोती ‘बसऱ्याचे’, म्हणजे आखाती समुद्रातले नैसर्गिक, नाहीत असं नागपुरात मला अजून कुणी सांगितलेलं नाही. सगळ्यांच्याच आज्यांना बसऱ्याचे मोती मिळत होते. दातावर घासून बघा, खरखरीत लागला की अस्सल, हे तुम्हीच मला शिकवता. अहो, कल्चर मोती, म्हणजे माणसानं शिंपल्यात मुद्दाम वाढवलेला, तोही तसाच खरखरीत लागतो. त्याच्यावरही थर शिंपल्यानंच चढवलेले असतात. जपानचे ते मोती १९२०च्या दशकापासून बाजारात आहेत, म्हणजे आजीच्या लग्नातसुद्धा आलेले असू शकतात. नैसर्गिक की कल्चर, हे प्रयोगशाळेत एक्स-रे काढल्यावर कळतं. मोबाइलवरच्या फोटोत काय कळणार, कप्पाळ!

आणि रविवर्मा. त्यांनी १८९४ साली मुंबईत छापखाना काढला, पुढे तो मळवलीला गेला, आणि त्या छापांतल्या लक्ष्मी-सरस्वती घराघरांत पोचल्या. तुमच्या देवघरातली लक्ष्मी त्यातली असेल, तर छान आहे, जपा. पण तिला ‘ओरिजिनल’ म्हणू नका. भिंग धरलं की दगडी छापाचे वेडेवाकडे ठिपके दिसतात. ठिपके कवायतीला उभे राहिल्यासारखे ओळीत असतील, तर ती पुढच्या काळातली ऑफसेटची छपाई. एवढं मी सांगते. हे सांगायला मला भीती वाटत नाही.

‘मग किंमत तरी सांगा’ म्हणणारे वेगळे. त्यांच्याकडे बहुतेक वेळा वाटणी चाललेली असते. विकताना हातात पडणारी किंमत, विम्यासाठीची किंमत आणि दोन भावांच्या भांडणातली किंमत हे तीन वेगळे आकडे आहेत, आणि तिसऱ्यात मला पडायचं नाही. वस्तू शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल तर १९७२चा पुरावशेष कायदा लागतो. परवान्याशिवाय तिचा धंदा करता येत नाही आणि देशाबाहेर तर नेताच येत नाही. हेही सांगून झालं.

इतकं बोलून मी आजवर थांबत आले. यातलं एकही वाक्य खोटं नाही. खरं कारण मात्र यात नाही.

२०१०च्या जूनमध्ये लंडनच्या लिलावात चित्रकार सय्यद हैदर रझांचं ‘सौराष्ट्र’ हे चित्र सोळा कोटींच्या वर गेलं. रझा आपल्या इथे, नागपूर स्कूल ऑफ आर्टमध्ये, १९३९ ते ४३ शिकले हे तुम्हाला सांगायला नको. पेपरात बातमी आली आणि शहराला रझा सापडायला लागले. ट्रंकांतून, माळ्यांवरून, जुन्या कॅलेंडरांच्या मागून. कुणी घरी ठिपका काढून त्याला रझांच्या चित्रांतला तो प्रसिद्ध बिंदू म्हणालं. मी वैतागले होते. आणि सावधही होते. आदल्याच वर्षी, २००९ साली, दिल्लीत एका गॅलरीनं रझांच्या सुरुवातीच्या कामांचं म्हणून प्रदर्शन भरवलं होतं. उद्घाटनाला खुद्द रझा आले आणि बघतात तर भिंतीवरची बहुतेक चित्रं त्यांची नव्हतीच. आमच्या धंद्यात कुणीही त्या आठवड्यात नीट झोपलं नसेल.

२०११चा मे. ऊन असं की दुपारी बाराला धरमपेठेतली कुत्रीसुद्धा गाड्यांखाली. तशात महाल भागातून एक काकू सायकल रिक्षानं आल्या. सत्तरीच्या असाव्यात. डोक्यावर ओला पंचा, मांडीवर कोशाच्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली फ्रेम. दुकानात तेव्हा एक मोठं गिऱ्हाईक बसलेलं होतं. बाहेरगावचे, नव्यानं संग्रह करायला लागलेले, माझ्याकडून पहिल्यांदाच काही घेणार होते. ते हे चित्र की ते चित्र अशा बेतात होते, आणि मी त्यांना सरबत देत होते.

काकूंनी फ्रेमवरचं लुगडं सोडलं. सागवानाची काळी पडलेली फ्रेम, खालच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला. आत वहीच्या पानापेक्षा जरा मोठा जलरंग. ओला रस्ता, कौलारू छपरं, लांब एक देऊळ. कोपऱ्यात इंग्रजीत रझाची सही. काकू म्हणाल्या, सासरे शाळेत ड्रॉइंग मास्तर होते, ओळखीच्या पोरानं दिलं होतं त्यांना. ‘विकायचं नाही ताई. म्हणजे, विकायचंही आहे. गुडघ्याचं ऑपरेशन आहे. पण आधी सांगा, त्याचंच आहे नं?’

मी ते हातात किती वेळ धरलं? दोन मिनिटं म्हणते मी नेहमी. दोन नसतीलच. मी सरबताचा ट्रे खाली ठेवला, फ्रेम उचलली, आणि काकूंकडे न बघता त्या गिऱ्हाईकाकडे बघत म्हणाले, ‘असे महिन्याला चार येतात आमच्याकडे. काकू, हे नकली आहे.’

तो आवाज मला अजून ऐकू येतो. मोठा होता. एका खोलीत जेवढा लागतो त्यापेक्षा मोठा.

काकू रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी लुगड्याच्या घड्या जुळवत विचारलं, ‘नकली म्हणजे कसं ताई? माझे सासरे खोटं बोलले काय?’

मी म्हणाले, तसं नाही काकू, त्यांनाही कुणी फसवलं असेल. ‘त्यांना काहून फसवेल कोणी? तेव्हा त्या पोराले कोण ओळखत होतं?’ बाईंनी शांतपणे विचारलं. मी उत्तर दिलं नाही, कारण उत्तर नव्हतं. पुढे ठेवलेलं पाणी तसंच ठेवून त्या उन्हात गेल्या. रिक्षा मिळेपर्यंत पायरीवर उभ्या होत्या. मला काचेतून दिसत होत्या.

त्या गिऱ्हाईकानं मात्र त्या दिवशी दोन चित्रं घेतली. ‘तुमच्यासारखी परखड माणसं हवीत या लाइनमध्ये,’ असं म्हणाले. मला ते तेव्हा आवडलं होतं.

आता माझी बाजू. चित्र नकली असण्याचीच शक्यता जास्त होती, हे मी आजही म्हणते. नंतर सही केलेली निनावी जलरंगचित्रं ढिगानं आहेत. कागदपत्र नाही, पत्र नाही, प्रदर्शनाची यादी नाही. त्या सोळा कोटींच्या हवेत मी ‘असू शकेल’ म्हणाले असते तर काकूंचा मुलगा कर्ज काढून मुंबईच्या वाऱ्या करत बसला असता. कठोर बोलले, पण सावध राहिले. धंद्यातल्या कुणालाही विचारा.

आणि आता दुसरी बाजू, जी विचारायला कुणी आलेलं नाही. मी फ्रेम उघडलीच नाही. मागचा कागद पाहिला नाही. कागद उजेडासमोर धरून वॉटरमार्क शोधला नाही. माझ्या गल्ल्यात, हात लांब केला तर लागेल अशा ठिकाणी, नोटा तपासायचा निळा दिवा होता. अलीकडचा पांढरा कागद त्या दिव्याखाली निळसर चमकतो, कारण त्यात उजळपणासाठी रसायन घालतात. ती पद्धत साधारण १९५०च्या सुमाराला आली. १९४०च्या दशकातला कागद असेल तर तो मंद राहायला हवा. चमकला असता तर विषय तिथेच संपला असता. मंद राहिला असता, तर रझाचं आहे असं सिद्ध झालं नसतंच, पण ‘नकली’ हा शब्द तरी माझ्या तोंडून निघाला नसता. अर्ध्या मिनिटाचं काम. अर्धं मिनिट मी दिलं नाही, कारण मी परीक्षा चित्राची करतच नव्हते. गिऱ्हाईकासमोर स्वतःची देत होते.

काकूंचा प्रश्न पुढे कित्येक दिवस डोक्यात राहिला. १९४२ साली मंडल्याकडच्या रझा या एका विद्यार्थ्याच्या नावाची खोटी सही कोण कशाला करेल? बरोबर. पण २०१०च्या जुलैत कुणीही करेल, हेही बरोबर. मग सासऱ्यांची गोष्ट नंतर जोडलेली का? बाई खोटं बोलणाऱ्या वाटत नव्हत्या. दिल्लीत ज्यांनी चित्रं लावली तेही वाटले नसतील. मी इथे येऊन अडकते. दर वेळी.

२०१६च्या जुलैत रझा गेले. मंडल्याला, वडिलांच्या शेजारी, त्यांचं दफन झालं. पेपरात त्यांच्या नागपूरच्या दिवसांवर लेख आले, आणि पावसाची उघडीप बघून मी महालात गेले. वाड्याच्या जागी फ्लॅट स्कीम झाली होती. चौकशी करत दुसऱ्या मजल्यावर काकूंचा मुलगा सापडला. त्यांनी मला ओळखलं नाही. मीही आधी सांगितलं नाही.

बैठकीत समोरच काकूंचा फोटो होता, चंदनाचा हार घातलेला. फ्रेम सागवानाची, काळी, खालच्या उजव्या कोपऱ्याचा टवका उडालेला.

मी कशीबशी चित्राचं विचारलं. ‘ते होय? आईनं ते कपाटात उलटं करून ठेवलं होतं. मग ती गेली, फोटोला फ्रेम पाहिजे होती. फ्रेमवाल्यानं चित्र काढलं का मागे तसंच राहू दिलं, कोण जाणे. तसंच असंन बहुतेक.’ मग माझ्याकडे बघून म्हणाले, ‘खिळे काढून पाहू काय?’

मी म्हणाले, नको, राहू द्या.

तेव्हा मी स्वतःला सांगितलं की गेलेल्या बाईचा हार उतरवून मागे दिवा मारणं बरं दिसत नाही. छान कारण आहे. पण निळा दिवा माझ्या पर्समध्ये होता. घरून मी तो त्यासाठीच घेऊन निघाले होते.

चहा झाला. निघताना ते आत गेले आणि एक लहानशी डबी घेऊन आले. ‘तुम्ही गॅलरीवाल्या नं? आईची नथ आहे. मोती बसऱ्याचे आहेत म्हणे. पाहून सांगता काय?’

मी नथ खिडकीशी नेली. चांगली होती, हातानं वळलेली तार, एक मोती जरा पिवळट. ‘ठेवा ही,’ मी म्हणाले, ‘विकू नका.’

त्यांचा चेहरा उजळला. ‘म्हणजे बसऱ्याचेच!’ आतल्या खोलीत त्यांनी बायकोला हाक मारून सांगितलंसुद्धा.

मी चपला घालत होते. काही बोलले नाही.