इंटरफेस डाऊन करताना अडकलेला ड्रायव्हर: माझा अनुभव

लिनक्सवर नेटवर्क इंटरफेस डाऊन (बंद) करण्याची कमांड दिली आणि ती परतलीच नाही. किल -९ हा सक्तीने मारण्याचा सिग्नल देऊनही प्रोसेस मरेना. पीएसच्या प्रोसेस-यादीत तिची स्थिती ‘डी’, म्हणजे सिग्नलने न मोडणारी झोप, दिसत होती. पाठोपाठ दिलेली आयपीची दुसरी कमांडही लटकली, तेव्हा संशय कर्नलच्या आरटीएनएल या लॉकवर गेला. नेटवर्कच्या रचनेतले बहुतेक बदल या एकाच म्युटेक्सखाली (एका वेळी एकालाच धरता येणाऱ्या लॉकखाली) होतात.

अशा वेळी घाईने रीबूट करू नये, पुरावाच जातो. हंग टास्कची (बराच वेळ अडकलेल्या टास्कची) नोंद लॉगमध्ये यायला डीफॉल्टने १२० सेकंद लागतात. तोवर न थांबता मी सिसआरक्यू-ट्रिगर या कर्नलला थेट हुकूम देण्याच्या फाइलमध्ये ‘डब्ल्यू’ लिहिलं; त्याने अडकलेल्या सगळ्या टास्कचे स्टॅक, म्हणजे कोण कुठल्या फंक्शनमध्ये थांबलंय त्याची साखळी, मिळतात. त्यातले दोन कामाचे होते. कमांडचा टास्क आरटीएनएल धरून ड्रायव्हरच्या स्टॉप फंक्शनमध्ये शिरला होता आणि कॅन्सल_वर्क_सिंक या काम रद्द करणाऱ्या फंक्शनमध्ये, नेटवर्क उपकरणाच्या रीसेटचं काम संपायची वाट पाहत होता. तेच काम केवर्करमध्ये (कर्नलच्या पार्श्वभूमीतल्या थ्रेडमध्ये) आरटीएनएल_लॉकवर, म्हणजे तोच लॉक मिळण्यासाठी, थांबलं होतं.

पाठवणं अडकलं की बोलावलं जाणारं ट्रान्समिट टाइमआउटचं फंक्शन सॉफ्टआयआरक्यूमध्ये, म्हणजे इंटरप्टसारख्या संदर्भात, चालतं. तिथे झोपता येत नाही, म्हणून रीसेट वर्कक्यूवर (केवर्करने नंतर करायच्या कामांच्या रांगेत) टाकावा लागतो. तो नेमका डाऊन होताना आला की दोन्ही टास्क एकमेकांची वाट पाहत राहतात आणि गाठ बसते. साध्या युजरला रीसेट ओढवून आणता येत असेल, तर यंत्राचं नेटवर्क ठप्प करायची वाट त्याला मोकळी होते. म्हणूनच हा बग सुरक्षेचा.

कॅन्सलच्या आधी लॉक सोडून नंतर परत घ्यावा असा मोह होतो. ते करू नका: मधल्या फटीत दुसरा टास्क तोच इंटरफेस अप करू शकतो. मी स्टॉपमधलं कॅन्सल काढलं. रीसेटच्या कामात आरटीएनएल मिळाल्यावर नेटइफ_रनिंग, म्हणजे इंटरफेस चालू असल्याचा बिट, तपासलं. खोटं आलं तर लॉक सोडून परत. स्टॉप फंक्शन बोलावण्याआधीच कर्नल तो बिट उतरवतो, त्यामुळे ही तपासणी पुरते. मधेच कुणी पुन्हा अप केलं तर फार तर एक रीसेट जास्तीचा होतो. कॅन्सल आता ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या रिमूव्ह फंक्शनमध्ये आहे, अनरजिस्टर_नेटडेव्हनंतर (इंटरफेसची नोंद काढल्यावर) आणि फ्री_नेटडेव्हच्या (त्याची मेमरी मोकळी करण्याच्या) आधी. हा क्रम चुकला तर मोकळ्या केलेल्या मेमरीवर काम चालेल.

पडताळणीसाठी प्रूव्ह_लॉकिंग हा पर्याय चालू करून कर्नल बांधला; त्याने लॉकडेप, म्हणजे लॉकचा क्रम तपासणारी कर्नलची यंत्रणा, चालू होते. लॉकडेपला प्रत्यक्ष अडकण्याची गरज नसते. जुन्या कोडवर एकदा रीसेट आणि नंतर एकदा डाऊन केलं, तेवढ्यावर त्याने चक्राकार अवलंबनाचा इशारा दिला. दुरुस्तीनंतर त्याच क्रमाने केलं, लॉग स्वच्छ राहिला.