तिकिटं विकणारे पोस्टात कधी जातात?

तिकिटं विकणाऱ्या माणसालाच पोस्टात जायचा कंटाळा असतो, असं पूर्वी कुणी सांगितलं असतं तर मी हसलो असतो. गेली काही वर्षं संग्रहासाठी घरबसल्या जुनी टपाल तिकिटं मागवतोय, आता हसू येत नाही.

सोलापुरात जुनी तिकिटं विकणारं दुकान माझ्या तरी माहितीत नाही. पूर्वी धंद्याच्या कामाला सिद्धेश्वर एक्स्प्रेसनं मुंबईला गेलो की संध्याकाळचा तासभर तिकिटांसाठी राखून ठेवायचो. विक्रेत्यासमोर बसायचं, भिंग काढायचं, तिकीट उलटं करून मागचा डिंक बघायचा, दातरे मोजायचे, मग भाव. आता तेच विक्रेते मोबाइलवर आलेत. निवड दहापट वाढली. फक्त तिकीट हातात पडेपर्यंत मधे काय चाललंय ते कुणी सांगत नाही.

माझा संग्रह लहान आहे, दोनच विषयांचा. एक म्हणजे आमच्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ साली भारतातून चीनला गेलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातले ते एक. १९४२ साली तिकडेच वारले, वय अवघं बत्तीस. भैय्या चौकाकडं जाताना त्यांचं स्मारक लागतं, ते शहरातल्या बहुतेकांनी पाहिलेलं असतं. पण त्यांच्यावर भारतानं १९९३ साली तिकीट काढलं आणि चीननं त्याच्याही आधी, १९८२ साली, हे सांगितलं की लोक चकित होतात.

दुसरा विषय निजामाच्या हैदराबाद संस्थानची तिकिटं. आमचे आजोबा नळदुर्गचे, म्हणजे इथून पन्नास किलोमीटरच्या आतले, पण मुलूख निजामाचा. १८७१ पासूनच्या त्या तिकिटांवर इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा चारही भाषांतली अक्षरं एवढ्याशा जागेत दाटीवाटीनं बसवलेली आहेत. इंग्रजी सोडली तर बाकीच्या तिन्ही आमच्या गल्लीत आजही रोज कानावर पडतात.

उत्तरेकडच्या एका विक्रेत्याच्या यादीत दोन्ही गोष्टी एकत्र दिसल्या. कोटणीसांच्या तिकिटांचा चारचा ब्लॉक (न फाडलेली, जोडलेली चार तिकिटं), सोबत फर्स्ट डे कव्हर (तिकीट निघालं त्या दिवसाचा शिक्का असलेलं पाकीट) आणि माहितीपत्रक, शिवाय निजामाच्या वापरलेल्या तिकिटांचा एक लॉट. खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, चोवीस तासांत डिस्पॅच. विक्री एका साइटमार्फत होती, पैसे साइटवरच भरले. स्पीड पोस्टचा खर्च वेगळा लावला होता, तोही दिला.

मग सुरू झाली शांतता.

विचारलं की दोनच उत्तरं यायची, 'हो जाएगा सर' आणि 'कल पक्का'. त्या 'कल'ला तारीख कधीच नव्हती. नंतर निळ्या खुणा दिसायच्या आणि उत्तर नसायचं. राग उशिराचा नव्हता. मी अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात डिस्पॅच बघतो, माल का अडकतो हे मला दुसऱ्यानं शिकवायला नको. सूत येत नाही, लाइट जाते, सणाला कामगार गावी जातात. पण गाडी सुटली की एलआरचा, म्हणजे ट्रकवाल्याच्या पावतीचा, फोटो पार्टीच्या मोबाइलवर गेलाच पाहिजे, आणि सुटली नसेल तर पार्टीचा फोन यायच्या आत आपण फोन करायचा. लाखाच्या मालाला जे जमतं ते पाकिटाला का जमू नये, हे मला कळत नव्हतं.

बऱ्याच तगाद्यानंतर एक नंबर आला. टाकून बघितला, काहीच नाही. आता तिकिटवाल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे. टपालाचा ट्रॅकिंग नंबर म्हणजे सुरुवातीला दोन अक्षरं, मधे नऊ आकडे आणि शेवटी देशाची दोन अक्षरं, आपल्याकडे 'आयएन'. नवातले पहिले आठ खरा क्रमांक, नववा पडताळणीचा. आठ आकड्यांना डावीकडून अनुक्रमे ८, ६, ४, २, ३, ५, ९, ७ नं गुणायचं, बेरजेला ११ नं भागायचं आणि बाकी ११ मधून वजा करायची. जे उरेल तो नववा आकडा. १० उरले तर तिथं ० असतो, ११ उरले तर ५. ही पद्धत जगभरच्या टपाल खात्यांची सारखी आहे. मला आलेला नंबर या हिशेबात बसतच नव्हता, म्हणजे एक तर टायपताना चुकलेला किंवा मनानं रचलेला. मी एवढंच लिहिलं की नंबर जुळत नाही, पावतीचा फोटो पाठवा.

लगेच दुसरा नंबर आला, सोबत 'मागच्या सोमवारी टाकलं' असा निरोप. हा हिशेबात चोख बसला, तरीही ट्रॅकिंगवर शून्य.

आमच्या पोस्टमनला दाखवला. 'नंबर बुकच झाला नाही की ओ सर, आमच्याकडं काय येणार?' ते म्हणाले. मग त्यांनीच समजावलं. जे नेहमी भरपूर टपाल टाकतात त्यांना बारकोडची स्टिकरं आधीच मिळतात. स्टिकर पाकिटावर चिकटवलं की विक्रेत्याकडे नंबर तयार. पाकीट मात्र त्याच्या टेबलाच्या खणात. काउंटरवर बुकिंग होईपर्यंत तो नंबर म्हणजे नुसता कागद. तेव्हापासून मी नंबर मागत नाही, बुकिंगची पावती मागतो. पावतीवर तारीख असते, वेळ असते, बुक केलेल्या पोस्टाचं नाव असतं, वजनही असतं. चारचा ब्लॉक, कव्हर आणि निजामाचा लॉट असलेलं पाकीट किती ग्रॅमचं भरेल याचा अंदाज आपल्याला असतोच.

विचारायची पद्धतही मी बदलली. 'कधी पाठवणार?' याला 'जल्दी' हे उत्तर तयारच असतं. त्याऐवजी दोन पर्याय द्यायला लागलो. शनिवारपर्यंत बुक होत असेल तर पावती पाठवा, होत नसेल तर पैसे परत करा, दोन्हीपैकी काय ते आजच लिहून कळवा. बोलणं फोनवर झालं तरी नंतर त्याचा सारांश साइटच्या मेसेजमध्ये टाकायचो. फोनवरचं बोलणं वाऱ्यावर जातं.

शनिवार गेला. मग तक्रार केली.

२०२०च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे अशा साइटला तक्रार निवारण अधिकारी नेमावा लागतो, त्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यावा लागतो. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात, असं नियमात स्पष्ट आहे. ही माहिती साइटच्या अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असते, पण असते. मी ऑर्डरचा क्रमांक, पैसे भरल्याचा बारा आकडी संदर्भ, यादीतलं चोवीस तासांचं आश्वासन आणि न जुळणारा पहिला नंबर, सगळ्याचे स्क्रीनशॉट तारखेच्या क्रमानं लावून पाठवले. भाषा कोरडी ठेवली. फसवणूक, चोर असले शब्द टाळले. माझी मागणी एका ओळीत होती, माल किंवा पैसे. इथंही काही हललं नसतं तर पुढची पायरी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला तिथं फी लागत नाही.

एक इशारा मात्र देतो. हे सगळं साइटमार्फत आणि धंदा म्हणून विकणाऱ्यासाठी. व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर कुणी हौशी माणूस स्वतःच्या संग्रहातलं काही विकतो आणि आपण थेट त्याच्या नंबरवर यूपीआय करतो, तिथं हे नियम लागू पडत नाहीत. तिथं मी ओळखीच्या माणसाशिवाय व्यवहार करत नाही.

पोच वेळेत आली. आणि गंमत म्हणजे इतके दिवस मुका असलेला विक्रेता त्याच संध्याकाळी फोनवर बोलायला लागला. माणूस वाईट नव्हता. एकटाच सगळं बघतो, दिवसा नोकरी, रात्री तिकिटं. मधे एका प्रदर्शनात स्टॉल लावला होता. तिथं निजामाचा लॉट रोखीनं विकून बसला आणि साइटवरची नोंद काढायची राहिली. माझी ऑर्डर आली तेव्हा लॉट हातात नव्हताच, तसाच दुसरा मिळतो का ते शोधत होता. कोटणीसांचा ब्लॉक तेवढ्यासाठी खणात पडून होता, कारण दोन्ही एकाच पाकिटात घालायचं होतं.

या शेवटच्या मुद्द्यावर मला त्याची थोडी बाजू घ्यावीशी वाटते. २०२५ साली रजिस्टर पोस्ट स्पीड पोस्टमध्ये मिसळलं. बाहेरगावचं पन्नास ग्रॅमपर्यंतचं पाकीट आता ४७ रुपये अधिक जीएसटी. साधं रजिस्टर पूर्वी साधारण निम्म्यात जायचं. वीस-पंचवीस रुपयांचं तिकीट विकणाऱ्यानं एवढा खर्च करायचा म्हटल्यावर तो ऑर्डरी साठवणार, एकत्र पाठवणार, हे समजू शकतं. आपल्यालाही एकत्र पाठवलेलंच परवडतं. पण मग यादीत तसं लिहा ना. दक्षिणेतले एक वयस्कर विक्रेते आहेत, त्यांच्याकडून मी पूर्वीपासून घेतो. त्यांच्या यादीत वरच लिहिलेलं असतं, टपाल फक्त शनिवारी टाकतो, घाई असेल तर दुसरीकडून घ्या. शनिवारी दुपारी पावतीचा फोटो येतो. त्यांच्याकडून मागवलेलं पाकीट सर्वांत उशिरा येतं आणि मी एकदाही त्यांना फोन केलेला नाही.

असो. लॉटचे पैसे साइटनं परत केले. ब्लॉक आणि कव्हर निघालं, यावेळी पावतीसकट. आणि बुक झाल्यावर टपालानं काहीच उशीर केला नाही. ट्रॅकिंगवर नोंदी भराभर पडल्या आणि एका सकाळी पोस्टमननं हाक मारली, 'सर, आलं की ओ तुमचं!' पाकिटावर विक्रेत्यानं बारकोडशेजारी जुनी मिंट, म्हणजे न वापरलेली, तिकिटं चिकटवली होती, तिकिटवाल्यांची नेहमीची सवय. त्यावरचा शिक्का स्वच्छ उमटला होता. शिक्क्यावरची तारीख वाचणं हा तर आमचा छंदच. 'मागच्या सोमवारी टाकलं' असं तो ज्या सोमवारबद्दल सांगत होता, त्याच्या कितीतरी पुढची तारीख होती. त्या पाकिटाचा फोटो काढून तक्रारीला जोडला आणि मगच कात्री लावली.

पाकीट उघडताना व्हिडिओ काढायचा, हे मी सगळ्यांनाच सांगतो. कडा फोडण्याआधी चारही बाजू दाखवायच्या, बारकोड दाखवायचा, मग एका दमात आतलं सगळं. ब्लॉक ग्लासिनच्या, म्हणजे पातळ गुळगुळीत कागदाच्या, पाकिटात होता, त्याला काही झालं नव्हतं. फर्स्ट डे कव्हरला मात्र मागे पुठ्ठाच नव्हता, त्यामुळे एक कोपरा दुमडला होता. आणि आमच्याकडचा उन्हाळा लक्षात घ्यायला हवा. एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीसच्या वर जातो. दारावरच्या लोखंडी पेटीत दुपारभर पडलेलं मिंट तिकीट वळतं, पुढे पावसाळ्यात दमट हवेनं डिंक ओला होऊन कागदाला चिकटतो. म्हणून आता ऑर्डर देतानाच लिहितो, दोन्ही बाजूंनी पुठ्ठा हवा आणि पाकीट हातात द्यायचं, पेटीत टाकायचं नाही. पत्त्याखाली मोबाइल नंबर असला की पोस्टमन फोन करतात.

दुमडलेल्या कोपऱ्याचं काय करायचं, यावर घरी चर्चा झाली. बायकोचं म्हणणं, एवढं भांडलात, आता याचेही घ्या. मी व्हिडिओ पाठवला आणि कव्हरचे निम्मे पैसे कमी करा, नाहीतर कव्हर परत घ्या, असं लिहिलं. त्यानं निम्मे पैसे त्याच दिवशी परत केले. साइटवर मी अभिप्राय लिहिला तो असा: माल अस्सल, वर्णन बरोबर, पॅकिंग कच्चं, यादीतला माल हातात आहे का ते आधी विचारून घ्या. तारे किती द्यायचे यावर बराच वेळ घालवला आणि शेवटी तीन दिले.

चीनची १९८२ची जोडी दुसऱ्याच विक्रेत्याकडून परदेशातून मागवली आहे. त्यानं निघतानाच पावती पाठवली, शेवटी 'सीएन' असलेला नंबर दिला आणि लिहिलं, दीड-दोन महिने लागतील, मधे काही आठवडे ट्रॅकिंग हलणार नाही, घाबरू नका. पाकीट सध्या मुंबईच्या फॉरेन पोस्टात कस्टमच्या तपासणीला आहे असं दिसतंय. नोंद बऱ्याच दिवसांत बदललेली नाही. मी त्याला काही विचारलेलं नाही, विचारायचं कारणही नाही.