वाघाचे व्याज

‘लेकीकडे जाईन, तूप-रोटी खाईन, जाडजूड होईन, मग मला खा’ हा म्हातारीचा वायदा मी लहानपणी हसत ऐकला होता. पण यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात कापूस विकून उधारी फेडू म्हणणारी माणसे पाहत मोठा झाल्यावर मला त्यात सावकाराकडे मागितलेली मुदतवाढ ऐकू येऊ लागली. भोपळा टुणुक टुणुक निघून गेल्यावर वाघाचे काय झाले, असे मी आजीला विचारले. ती म्हणाली, “कुठी जाते थो? व्याज मोजत बसला असन.”

माझी चित्रकादंबरी या उत्तरातून निघाली. वाघ विनापरवाना सावकार, म्हातारी बेपत्ता, आणि तिचा माग काढणारा कावळा असा, की ज्याचे शेणाचे घर पावसात वाहून गेले असून पंचनामा अद्याप झालेला नाही. चिमणीच्या बंद दाराबाहेर ‘थांब, माझ्या बाळाला तीट लावते’ हे ऐकत भिजणारा हा गुप्तहेर मला आयताच मिळाला. बालकथेत एवढा काळोख कशाला, असे काहींनी विचारले; फ्रेंच लेखक पेरोने १६९७ मध्ये छापलेल्या गोष्टीत लाल टोपीवाल्या मुलीला लांडगा खातो आणि कोणी सोडवत नाही, तिला वाचवणारा शिकारी ग्रिम बंधूंच्या १८१२ च्या संग्रहात भेटतो, एवढेच मी त्यांना सांगत असे.

खरी अडचण चित्रांची होती. अमेरिकी गुन्हेपटांना १९४६ मध्ये फ्रेंच समीक्षकांनी ‘न्वार’, म्हणजे काळे, म्हटले. त्यांतील ओले रस्ते आणि खांबांवरचे दिवे मी पहिल्या अठरा पानांत इमानाने उतरवले, आणि आमचे एसटी स्थानक चुकून परदेशी गेल्यासारखे दिसू लागले. ती पाने मी फाडली. मे महिन्यात भर दुपारी जिनिंगच्या टिनाच्या शेडमध्ये शिरलो, तेव्हा बाहेरच्या उन्हामुळे आत काही क्षण काहीच दिसेना, आणि तिथे कोणी उभे असेल तर, या शंकेने मी दचकलो. त्यानंतर कागद कोरा ठेवून केवळ निंबाखाली, बंडीखाली आणि उंबरठ्याच्या आत शाई भरली. वाघ सबंध पुस्तकात सावलीबाहेर येत नाही.

वेलांट्या आणि उकारांना ओळींत जागा सोडावी लागत असल्याने संवादांचे फुगे वाघाच्या तोंडावर येत; म्हणून संवाद कापले, आणि तो कमी बोलू लागताच अधिक भीतीदायक झाला. छपाईचा पहिला नमुना मात्र वाया गेला, कारण पातळ कागदावर भरीव काळा रंग पाठीमागे उमटला आणि अक्षरजुळणीत रफार भलत्याच अक्षरावर बसले. जाड कागद घेतला, अक्षरे हाताने लिहिली. सोळा पानांच्या फर्म्याच्या हिशेबाने ९२ पानांची ९६ करावी लागली, तेव्हा उरलेल्या चार पानांवर मी वाघाची खतावणी काढली.

आजीने पुस्तक हातात घेऊन ती पाने आधी उघडली, बोटांवर काही मोजले आणि व्याजावर व्याज धरायचे राहिले असल्याचे मला सांगितले.